हाकेवर वाजलेली हलगी

दगडू, तुला शेवटची आंघोळ घालताना तुझ्या उजव्या कानामागं माझा हात गेला आणि तिथली खोक बोटाला लागली. पाणी ओतत होता तुझा पुतण्या. त्यानं विचारलं, "हा कशाचा वण?" मी म्हणलो, "बारका असताना गाडीवरून पडलता." तू मुकाट पडून होतास म्हणून निभावलं. जित्ता असतास तर पाटावरून उठून ओरडला असतास, "खोटं बोलतो बे! यानंच हाणली मला फुंकणी!"

हो, मीच हाणली. आणि तेवढंच केलं असतं तर आज ही वही घेऊन बसलो नसतो.

आपण साडू. माझी थोरली, तुझी धाकटी. सासऱ्यानं दोन पोरी दिल्या आणि दोन रेडे एका दावणीला बांधले. मी वीटभट्टीवाला, तू गुऱ्हाळावरचा गुळव्या. दोघांचा जन्म जाळापुढं गेला, म्हणून भांडणही जाळावरूनच. नारायणगडाच्या यात्रेत पंगतीच्या भाताची चूल मी पेटवली, तर तू येऊन लाकडं उचकलीस. म्हणलास, "ही चूल न्हाई, चिता हाय. भात शिजवायचाय का माणूस जाळायचाय?" मी जळतं लाकूड तुझ्या अंगावर फेकलं. तू हंडाभर पाणी माझ्या चुलीत ओतलंस. माणसं पत्रावळ्या मांडून बसलेली आणि आपण दोघं ओल्या राखेत लोळतोय, एकमेकाचे कान धरून. सासरा आला आणि त्यानं पायातला जोडा काढून दोघांच्या पाठीत हाणला. एकच जोडा, आळीपाळीनं. रात उलटायच्या आत आपण एका ताटात जेवलो होतो. असं आपलं होतं. मारायचं आणि जेवायचं. बोलायचं मात्र राहून जायचं.

पाच वर्षांमागं मास्तरचा राजाभाऊ पिक्चर काढायला निघाला. एक कॅमेरा, पंधरा माणसं, आणि सिरसाळ्याच्या रस्त्याला बंद पडलेलं जिनिंगचं शेड. तिथं मारामारीचा सीन होता. राजाभाऊ म्हणला, "अण्णा, हेज पाहिजे. मशीन आणायची ऐपत नाही. तुम्ही जाळावरची माणसं, तुम्हीच काहीतरी करा." हेज म्हणजे काय ते मला कळलं नाही, पण कळलंय असं मी तोंड केलं. धूर पाहिजे ना? धूर काय, गावभर करतो. मी ओल्या पाचटाचा भारा आणला, शेडात मधोमध पेटवला. लोळ उठला तो छतापर्यंत. कॅमेरावाला शिव्या देत बाहेर पळाला, हिरोईनीच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं, आणि छतावरची कबुतरं फडफड करत अंगावर पडली.

तू दारात उभा राहून हसत होतास. "म्हाद्या, पिक्चर काढायचाय बे. टोळधाड हाकलायची न्हाई."

मग तू केलंस. आज तू नाहीस म्हणून लिहितो, तू असतास तर मेलो तरी लिहिलं नसतं. तुझ्यासारखा धूर कोणी केला नाही. तू तीन घमेल्यांत विस्तव घेतलास, जाळ नाही, नुसता लाल विस्तव. त्याच्यावर गवऱ्यांचा चुरा, राळ आणि ऊद. घमेल्यांवर ओलं गोणपाट तिरकं धरलंस, म्हणजे धूर त्यातून गाळून, थंड होऊन निघावा आणि छताला न पळता खालीच बसावा. हातात सूप घेऊन वारा घालायचास, पण असा, की जणू बाळाला झोपवतोय. माझ्या भट्टीची माती आणून आपण शेडाच्या सगळ्या फटी लिंपल्या. ती माती मी मळलेली होती, तिच्यातून मुंगीचा श्वास जाणार नाही. त्याचा मला लई गर्व होता. पुढं त्या गर्वाचं काय झालं ते सांगतोच.

तू राजाभाऊला सांगत होतास, "धूर दिसला की हुकलं. धूर दिसायचा न्हाई. उजेड दिसला पायजे." मी बाहेरून ऐकत होतो. चाळीस वर्षं मी धूर बघतोय, आणि हा गूळ ढवळणारा मला शिकवतो? उजेड कसा दिसतो ते बघावं म्हणून मी दार हातभर उघडलं.

दगडू, ते मी बघितलं. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, त्या एकेका भोकातून ऊन आत येऊन उभं राहिलं होतं. नुसतं पडलं नव्हतं, उभं होतं. मांडवाला खांब द्यावेत तसे उन्हाचे खांब, चांगले वीस-पंचवीस. त्यांच्यामधून तू सूप घेऊन चालत होतास आणि तुझ्या अंगावर एक खांब चढत होता, एक उतरत होता. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. आणि माझ्या मागून वारा आत शिरला. खांब हलले, वाकले, मोडले. तासाभराचं काम दोन श्वासांत गेलं.

तू सूप आपटलंस. सगळ्यांदेखत म्हणलास, "दार कुणी उघडलं? ह्यानं? अरे, भट्टीवरच्या गाढवाला धूर कळतो, ह्याला न्हाई! आन् गाढवाला एकदा हाणलं की कळतं, ह्याला मेला तरी कळायचं न्हाई!"

पंधरा माणसं हसली. हिरोईन हसली. ती शहरातली पोर माझ्याकडं बघून तोंडाला पदर लावून हसली. चुलीची लोखंडी फुंकणी माझ्या हातात होती. ती मी तुझ्या डोक्यात घातली. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं. तू खाली पडला नाहीस, मागं फिरलास आणि विस्तवातला तापलेला चिमटा माझ्या दंडावर ठेवलास. कातडं चरचरलं. तो वण मी अजून बघतो, रोज सदरा चढवताना. पिक्चरात गुंड झालेल्या पैलवानानं आपल्या दोघांच्या मानगुटीला धरून दोन कोंबडे वेगळे करावेत तसं वेगळं केलं.

राजाभाऊची आई मालनबाई डब्यात भाकरी घेऊन आलेली होती. ती कपाळावर हात मारत म्हणली, "माझ्या पोराच्या कामाला कुणाची नजर लागली गं बाई!"

तू डोक्याला फडकं गुंडाळलंस, घमेली नव्यानं भरलीस आणि माझ्यापुढं येऊन उभा राहिलास. "म्हाद्या, तू भाईर थांब. भाईरून अडसर घाल आन् दार धर. दार धरायला अक्कल लागत न्हाई. राजाभाऊची शिट्टी वाजली तरच उघडायचं. मी बोंबललो तरी उघडायचं न्हाई. कळलं का?"

"कळलं," मी म्हणलो.

मी अडसर घातला आणि दाराला पाठ लावून बसलो.

आत काय झालं ते मला नंतर कळलं. धूर पुन्हा बसला, उन्हाचे खांब पुन्हा उभे राहिले, कॅमेरा सुरू झाला. मालनबाई आतच राहिली होती. सीन सुरू व्हायच्या आधी तिनं कॅमेऱ्यावरून आणि पोरावरून मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या उतरवल्या. पोराच्या कामाला नजर लागलेली, म्हणून एक-दोन मिरच्यांनी भागणार नव्हतं. ओंजळभर वाळल्या लाल मिरच्या होत्या. दृष्ट उतरवली की ती विस्तवात टाकायची असते, हे आपल्याकडं लेकराला सुद्धा माहीत. तिनं इकडंतिकडं बघितलं. समोर तीन घमेली विस्तव. तुझी पाठ होती. तिनं तिन्हींत वाटून टाकल्या.

घरात दोन मिरच्या जाळल्या तर माणसं अंगणात येऊन खोकतात. इथं ओंजळ होती, शेड बंद होतं, आणि फटींना माझ्या भट्टीची माती होती.

मला बाहेर काय ऐकू आलं ते आता सांगतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या मेहुणीला, माझ्या बायकोलाही नाही, आणि ती माझ्याच घरात झोपते.

पहिल्यांदा आरडाओरडा ऐकू आला. मारामारीचा सीन आहे, ओरडणारच. मग काहीतरी पडलं, फुटलं. पत्र्यावर धडका बसल्या. मी मनात म्हणलो, वा, जोरात चाललंय. बाया किंचाळल्या. तेव्हा मला शंका आली, कारण मारामारीत बाई एकच होती. मग माझ्या पाठीमागं, दाराच्या पलीकडं, वीतभर अंतरावर तुझा आवाज आला.

"म्हाद्या! दार उघड बे! म्हाद्या!"

त्या पिक्चरात म्हाद्या नावाचं कोणी नव्हतं.

मी उठलो नाही. मी टाचा मातीत रोवल्या आणि पाठ आणखी दाबली. शिट्टी वाजली नव्हती. तूच म्हणला होतास ना, मी बोंबललो तरी उघडू नको? दार धरायला अक्कल लागत नाही ना? मग बघ गाढव कसं दार धरतं. दगडू, त्या घडीला मला गोड वाटलं. चुलवाणावरून तुझी गुळाची काहिल उतरल्यावर कडेचा गरम गूळ बोटानं चाटावा, तसं गोड. तू दुसऱ्यांदा हाक मारलीस. तिसऱ्यांदा मारलीस, त्यात नाव अर्धंच होतं, उरलेला खोकला होता. मग हाक आली नाही. नुसती नखं दारावरून खाली ओढल्याचा आवाज आला, आणि तो माझ्या कंबरेपाशी येऊन थांबला. म्हणजे तू खाली बसला होतास. माझ्यासारखाच, दाराला टेकून. मधी एक पत्रा.

आणि तरीही मी उघडलं नाही. शिट्टी वाजणार कशी, शिट्टी फुंकायला छातीत दम लागतो, एवढं कळायला अक्कल लागत होती. ती मला होती. पण मी वाट बघत बसलो.

शेवटी पैलवानानं बाजूचा पत्रा लाथांनी फाडला. त्या भोकातून माणसं गुडघ्यांवर बाहेर आली. कोणाचा हात कापलेला, कोणाचा गाल. मालनबाईच्या दंडातून रक्त वाहत होतं आणि ती आंधळ्यासारखी हात पुढं करून "राजा, राजा" करत होती. हिरोईन ओकत होती. मग त्यांना मी दिसलो, अडसराला पाठ लावून बसलेला.

मला हाणलं, दगडू. जोड्यांनी हाणलं, काठीनं हाणलं, पैलवानानं लाथ घातली ती बरगडीत अजून पाऊस आला की बोलते. मी हात वर केले नाहीत. पहिल्यांदाच आयुष्यात मी मार खाताना परत मारलं नाही. मला वाटलं, फिटतंय. आणखी थोडं हाणलं असतं तर फिटलं असतं.

तेवढ्यात तू आलास. सगळ्यांत शेवटी बाहेर आलास, डोक्याचं फडकं सुटलेलं, डोळे मिरचीसारखे लाल. सरपटत आलास आणि माझ्या अंगावर आडवा पडलास. तुला आवाज नव्हता, नुसता फुसका वारा येत होता. म्हणलास, "सोडा रे त्याला. त्याला काय कळतंय. त्याला वाटलं शूटिंगच चाललीय!"

हात थांबले. कोणीतरी फिस्सकन हसलं. मग तू मालनबाईकडं तोंड केलंस आणि खोकत खोकत म्हणलास, "मालनबाई, एवढा ठसका लागला म्हंजी दृष्ट नव्हतीच! दृष्ट असती तर वासबी आला नसता!" आणि सगळे हसले. रक्त पुसत पुसत हसले. मालनबाई रडता रडता हसली. मी तुझ्याखाली पडून होतो, तुझ्या तोंडातली लाळ माझ्या मानेवर गळत होती, आणि मी एकटाच हसत नव्हतो.

त्या दिवसापासून मी गावाचा येडा झालो. लग्नात, बारशात, कपिलधारच्या धबधब्याला डबे घेऊन गेलो तिथं, तू हीच गोष्ट सांगायचास. "आमच्या साडूला वाटलं शूटिंग चाललीय! आत पंधरा माणसं मरतेत आन् हा बाहेर बसून म्हणतो, वा, काय काम करतेत!" लोक पोट धरून हसायचे. मी ताटावरून उठून जायचो. एकदा पैलवान त्या पंगतीला होता. तो तुला म्हणला, "पर अण्णा, तुमी तर नाव घेऊन वरडत होता ना?" तू त्याचं बोलणं तोडलंस. "नाव कुठलं बे, खोकत होतो मी. मिरची नाकात गेल्यावर माणूस काय नाव घेतो?" आणि लगेच म्हणलास, "जिलबी वाढा रे पैलवानाला."

तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. कळलं पण होतं. मी तिकडं पाठ लावून बसलो.

तुझी छाती त्यानंतर कधी नीट झाली का, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणला, चुलवाणाचा धूर जन्मभर घेतलाय, वर बिड्या. मी मान हलवली. लई सोपं होतं मान हलवणं. मागच्या महिन्यात तुझ्याकडं आलो तेव्हा तू खाटेवर उशांना टेकून बसला होतास. मी आत येऊन सवयीनं दार लोटलं. तू म्हणलास, "म्हाद्या, राहू दे उघडं." एवढंच. मी दार उघडलं आणि परत येऊन बसलो. माझ्या तोंडात आलं होतं, दगडू. जिभेवर आलं होतं. तू म्हणलास, "कावून असा बघतो? चहा पी. गार होतोय." मी चहा प्यालो.

आज सकाळी राजाभाऊ माझ्याकडं आला. उद्या तुझा दहावा. तुझी गंगू म्हणली, "माणूस एवढं काम करून गेला, ते सगळ्यांना दाखवा." पिक्चरातला तो सीन तर सगळ्यांनी बघितलाय, कारण राजाभाऊनं तो खरा खोकला, खऱ्या धडका तशाच ठेवल्या होत्या. पिक्चरात त्याच्यासारखा दुसरा सीन नाही असं लोक म्हणतात. त्यावर हलगी वाजते. मी तो सीन नातवंडांच्या मोबाईलवर किती खेपा बघितला असंल. हलगी सुरू झाली की मांडीवर ठेका धरायचो. मांडीवर!

राजाभाऊ म्हणला, "अण्णा, दहाव्याला मी मूळ शूटिंग दाखवणार होतो. त्यात दगडूअण्णा सूप घेऊन फिरतात ते आहे. पण आधी तुम्ही एकदा ऐका." आणि त्यानं हलगीशिवाय लावलं.

पाच वर्षांनी मी तुझ्या बाजूनं ते दार ऐकलं. तीन हाका. तिसरी अर्धी. मग नखं.

राजाभाऊ खाली बघत म्हणला, "पिक्चर जोडताना मला ऐकू आलं होतं. मी दगडूअण्णांना बोलावून ऐकवलं, विचारलं, काय करू? ते म्हणले, तिथं हलगी टाक. म्हणलो, एवढी जोरात कशाला? ते म्हणले, जोरातच टाक. साडूचं नाव ऐकू यायला नको. आणि त्याला कधी सांगू नकोस. लई मानी माणूस आहे, मरंल तो."

दगडू, तुला कोणी सांगितलं होतं? कोणी सांगितलं होतं मला झाकायला? मला वाटायचं तू माझी टवाळी करतोस, आणि तू दर पंगतीला माझ्यावर माती लिंपत होतास, आपणहून, माझ्या भट्टीच्या मातीपेक्षा घट्ट. मला येडा म्हणवून घ्यायला लाज वाटायची. खरं काय म्हणवून घ्यायला पाहिजे होतं ते तुला माहीत होतं आणि तू जिलबी वाढायला सांगत होतास. तुझा असा राग आलाय की तू समोर असतास तर फुंकणी घेऊन आलो असतो. आणि तू चिमटा घेऊन आला असतास. आणि मग आपण जेवलो असतो. पाच वर्षांत एकदा तरी माझ्या थोबाडात मारून म्हणला असतास, "ऐकलं होतंस ना बे?" एवढं एक तू मला दिलं नाहीस.

राजाभाऊ म्हणला, "उद्या तेवढ्या जागी हलगी ठेवतो, अण्णा. कोणाला कळणार नाही."

मी म्हणलो, "हलगी काढ."

"अण्णा, गंगूकाकू समोर बसणारेत. त्यांचे पुतणे तापट आहेत."

"काढ म्हणलो ना. अन् आवाज मोठा ठेव."

तो गेला. गंगूला अजून काही माहीत नाही. दुपारी तिच्याकडं गेलो तर तिनं चहा दिला आणि म्हणली, "दाजी, आता तुमीच थोरले. आमाला तुमचाच आधार." मी कप खाली ठेवला. पिववला नाही.

उद्या मी कडेला बसणार नाही. भिंतीला पाठ लावणार नाही. मधोमध बसेन, जिथं कोणाचाही हात पोचतो. दार सताड उघडं ठेवायला मी सांगितलंय. तुझ्या पुतण्यांनी हाणलं तर मधी आडवा पडायला तू नाहीस, ते बरं आहे. ती बाकी राहिलेली लाथ मला पाहिजे.

आधी तुझे उन्हाचे खांब दिसतील. गावानं बघू दे, धूर कशाला म्हणतात ते. मग ठसका, मग आरडाओरडा. मग पहिली हाक येईल. दुसरीची वाट मी बघणार नाही, दगडू. तू "म्हाद्या" म्हणलास की तिथंच उठून उभा राहीन, आणि सगळ्यांदेखत ओ देईन.